टिक कोणती घ्यायची?

मुलांनो, तुम्ही कधी आवाज विकत घ्यायला गेला आहात का?

तुम्ही म्हणाल, आवाज कुठं विकत मिळतो? अहो, मिळतो! माठ घेताना आजी त्याला टिचकी मारून बघते. ठण्ण वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर चिरलेला. बैलाच्या गळ्यातली घंटा कोणी न वाजवता घेत नाही. नारळसुद्धा आपण कानाशी धरून हलवतो. गेल्या वर्षी आमच्या घरी असाच एक आवाज निवडायचं काम निघालं. कीबोर्डच्या बटणाचा आवाज. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूचा तो एवढासा आवाज, पण त्यापायी आमच्या घरात आणि माझ्या चौथीच्या वर्गात महिनाभर वाद रंगला होता.

वाद समजायचा तर आधी आमच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही इंदुरीचे. तळेगाव दाभाडेहून चाकणकडे निघालं की इंद्रायणीकाठी आमचं गाव लागतं. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी इथंच आहे आणि गढीच्या आत कडजाईचं देऊळ. अण्णांनी मात्र आपलं आयुष्य काढलं ते वडगाव मावळच्या कोर्टाबाहेर, एका झाडाखाली, टाइपरायटरपुढे. तरुणपणी त्यांनी टंकलेखनाची सरकारी परीक्षा दिली. मराठी, मिनिटाला ४० शब्द! तेव्हापासून प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वारसनोंदीचे अर्ज, पीक बुडाल्याचे अर्ज, असं मावळातल्या कितीतरी माणसांचं म्हणणं त्यांच्या बोटांतून कागदावर उतरलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी टाइपरायटर पाहिलाही नसेल, म्हणून थोडं सांगतो. अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर शोल्स यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८६८ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली आपला टाइपरायटर तयार केला. अण्णांचं यंत्र गोदरेजचंच. कळ दाबली की आतली एक लोखंडी दांडी उडते. तिच्या टोकाला अक्षर उलटं कोरलेलं असतं. ती शाईच्या फितीवर आदळते, फितीमागे कागद, कागदामागे कडक रबरी रूळ. 'टक!' तो टक म्हणजे अक्षर कागदावर बसल्याचा आवाज. दांडी परत जागेवर पडते तेव्हा आणखी एक बारीक 'खट'. ओळ संपत आली की 'टिंग' अशी घंटी वाजते आणि डाव्या हाताने दांडा ढकलला की खर्रर्र करत नवी ओळ.

मराठी टाइपरायटरची तर गंमतच होती. त्यावर 'ख', 'श', 'ण' ही अक्षरं एका दमात उमटत नसत. आधी अर्धं अक्षर मारायचं, मग त्याला काना द्यायचा. म्हणजे 'ण'ला दोन टक! पहिली वेलांटी बोलताना नंतर येते, पण यंत्रावर ती अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे बसते. लहानपणी मी अण्णांच्या शेजारी पोत्यावर बसून गृहपाठ करायचो. न बघता नुसत्या आवाजावरून कळायचं, की आता 'लिहून देतो की' झालं आणि आता सहीची जागा सुटली. अण्णांना तर फारच बारीक कळायचं. त्यांची नजर असायची समोरच्या माणसाच्या तोंडाकडे किंवा हस्तलिखित कागदाकडे. कळफलकाकडे नाही, टाइप होणाऱ्या कागदाकडेही नाही. अक्षर उमटलं की नाही, हे त्यांना कान सांगायचा.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. संगणक आले. गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनवणं थांबवलं. टंकलेखनाच्या परीक्षाही आता संगणकावर होतात. अण्णांच्या यंत्राची फीत मिळेना, मग ते दुरुस्त करणारं माणूसही मिळेना. वयही झालं होतं. त्यांनी वडगावला जाणं बंद केलं आणि यंत्र माळ्यावर गेलं.

पण माणसं कशाची थांबतात! 'अण्णा, तेवढा अर्ज लिहून द्या,' म्हणत संध्याकाळी कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसतंच. अण्णा पैसे घेत नाहीत. हाताने लिहून देत, पण हात आताशा थरथरतो. म्हणून माझ्या धाकट्या भावाने आपला जुना संगणक त्यांना दिला, त्यासोबत आलेला चपटा कीबोर्ड आणि एक छोटा प्रिंटर.

इथूनच खरी अडचण सुरू झाली. साध्या कीबोर्डच्या आत रबराच्या टोप्या असतात आणि त्यांच्या खाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे. टोपी पार तळापर्यंत चेपली, की पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. अर्धवट दाबलं तर काहीच नाही. बटण चेपल्याचं बोटाला कळतं, पण अक्षर लागलं का, हे कळत नाही. अण्णांनी टाइपरायटरच्या सवयीने जोरात बोटं मारली, तर तळाला आपटून पेरं दुखायला लागली. मग हलकी मारली, तर अक्षरं गळायला लागली. बोट जरा रेंगाळलं तर 'गगगगग' अशी माळ! टाइपरायटर असा आगाऊपणा करत नसे.

त्यातच शेजारच्या एका काकूंच्या वारसनोंदीचा अर्ज परत आला. त्यांचे यजमान वारले होते. गट नंबर २१४ होता, अर्जात २४ पडला होता. मधला १ लागलाच नव्हता. काकूंची एका दिवसाची मजुरी बुडाली आणि फेरी वाया गेली. त्या काही बोलल्या नाहीत. अण्णाच म्हणाले, "एवढ्या वर्षांत आकड्यासाठी माझा कागद कधी परत आला नव्हता." दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणकावर आईची जुनी साडी घडी करून टाकली. ती साडी दोन महिने निघाली नाही.

ती निघाली एका दुकानामुळे. मी अण्णांना घेऊन तळेगाव स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात छायाप्रती काढायला गेलो होतो. आतला मुलगा लग्नपत्रिका टाइप करत होता आणि त्याच्या कीबोर्डचा 'टिक टिक टिकटिक' असा आवाज येत होता. अण्णा पायरीवरच थांबले. काउंटरवर हात टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्याचं लागतंय रे अक्षर. ऐकू येतंय."

तो कीबोर्ड होता टीव्हीएस गोल्ड. तुमच्या आईबाबांपैकी जे बँकेत किंवा छापखान्यात काम करतात, त्यांना विचारा, त्यांनी तो नक्की पाहिला असेल. २०१० साली आपल्या रुपयाला नवं चिन्ह मिळालं, तेव्हा ते चिन्ह बटणावर घेऊन याच कीबोर्डची 'भारत' नावाची आवृत्ती निघाली होती. अशा कीबोर्डला मेकॅनिकल, म्हणजे यांत्रिक कीबोर्ड म्हणतात. त्यात प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र डबी असते. तिला स्विच म्हणायचं. डबीत एक स्प्रिंग, वरखाली होणारा एक छोटा दट्ट्या आणि धातूच्या दोन पट्ट्या. दट्ट्या खाली गेला की पट्ट्या एकमेकींना भेटतात. गंमत अशी, की त्या तळाला पोचायच्या आधीच भेटतात. जर्मनीत नावारूपाला आलेल्या चेरी कंपनीचा निळा स्विच घ्या. त्याचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा, पण अक्षर लागतं साधारण २.२ मिलिमीटरवर. म्हणजे बोट आपटायची गरजच नाही, फक्त अक्षर लागल्याचं कळायला हवं!

ते कळावं म्हणूनच काही स्विचमध्ये 'टिक' घातलेली असते. सगळ्यांत नाही. या स्विचची ओळख रंगावरून होते. ढोबळमानाने लाल म्हणजे गुळगुळीत आणि मुका. तपकिरी म्हणजे बोटाला मध्येच एक उंचवटा लागणारा. निळा म्हणजे उंचवटाही आणि टिकही. हे तीन प्रकार समजले, की पुढचे शेकडो प्रकार म्हणजे त्यांचीच भावंडं.

दुकानातल्यासारखाच कीबोर्ड घेऊन मोकळं होता आलं असतं. पण त्याचे स्विच डाख देऊन पक्के बसवलेले असतात. जी टिक मिळेल तीच. अण्णांचा कान चोखंदळ. म्हणून मी असा कीबोर्ड बघायचं ठरवलं, ज्यात स्विच चिमट्याने काढता आणि बोटाने दाबून बसवता येतात. एक स्विच साधारण वडापावच्या भावात पडतो. आणि निवड करता यावी म्हणून आधी एक छोटी पाटी मागवली. तिच्यावर वेगवेगळ्या जातीचे बारा स्विच शेजारी शेजारी बसवलेले होते. नुसते दाबून बघायचे, बस!

ती पाटी मी वर्गात नेली. मुलांना सांगितलं, डोळे मिटा आणि हा आवाज कशासारखा वाटतो ते सांगा. तुम्हाला सांगतो, कंपनीच्या कागदावरच्या वर्णनापेक्षा माझ्या वर्गाची वर्णनं कितीतरी सरस होती! निळा स्विच 'बॉलपेनच्या खटक्यासारखा'. आणखी एक पांढरा होता, तो 'पाल चुकचुकल्यासारखा'. तपकिरी 'ढेकूळ चिरडल्यासारखा'. लाल दाबल्यावर बराच वेळ शांतता, मग मागून एक आवाज, "सर, वाजवा ना!" आणि एक फिकट हिरवट स्विच होता, त्याला जेड म्हणतात. तो दाबताच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आजी अडकित्त्याने सुपारी कातरते, तस्सा!"

मग मतदान घेतलं. वर्गात ३१ मुलं. निळ्याला १७ मतं, पांढऱ्याला ८, अडकित्त्याला ४ आणि मुक्या लालला २. लालला मत देणाऱ्या एका मुलाचं कारण फार शहाणपणाचं होतं. त्याची बहीण पाळण्यात आहे आणि तिला झोपवायला त्याला एक तास लागतो.

टिक येते कशी, हा प्रश्न ओघानं आलाच. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळतो बघा, पोटाखाली दाबला की टिकटिक करणारा. त्याच्या पोटातली पत्र्याची पट्टी थोडी फुगीर असते. दाबली की ती ताणते, ताणते आणि एकदम उलटी होते. त्या एकदम होण्यातून आवाज निघतो. हळूहळू वाकणारी गोष्ट वाजत नाही, एकदम सुटणारी वाजते. निळ्या स्विचमध्ये दट्ट्याला एक सैल कडं असतं. ते आधी अडतं आणि मग सुटून खाली आदळतं. पांढरा आणि जेड हे दोन्ही चीनमधल्या कैल कंपनीच्या 'बॉक्स' जातीचे. त्यांच्यात वाकवलेली एक बारीक तार असते. दट्ट्या तिला ढकलतो आणि ती झटक्याने सुटते, सतारीच्या तारेसारखी. पांढऱ्यात ही तार पातळ, जेडमध्ये जाड. तेवढ्या फरकाने एकाची पाल झाली आणि दुसऱ्याचा अडकित्ता! आयबीएम कंपनीने १९८५ साली 'मॉडेल एम' नावाचा कीबोर्ड काढला, त्यात तर वेगळं पातंही नव्हतं. दाबता दाबता स्प्रिंगच कमरेत वाकायची आणि नळीच्या भिंतीवर आपटायची. टाइपरायटरवर वाढलेल्या पिढीला तो इतका आवडला, की अजूनही लोक तो जपून ठेवतात.

एवढं सांगून झाल्यावर एका मुलाने असा प्रश्न विचारला, की मी खडू खालीच ठेवला. तो म्हणाला, "सर, म्हणजे हा आवाज मुद्दाम घातलाय. टाइपरायटरचा खरा होता. मग हा खोटाच की!"

बघा, आहे की नाही अडचण? टाइपरायटर वाजल्याशिवाय अक्षर उमटूच शकत नव्हतं. लाल स्विच मात्र न वाजता अक्षर काढतो. म्हणजे टिक ही वरची सजावटच. मोबाइलवर टाइप करताना जी टकटक येते, ती तर नुसती साठवलेली ध्वनिफीत. तिथं काही हलतही नाही. मी मुलांना म्हटलं, स्विचची टिक त्या दोघांच्या मधली. ती मुद्दाम घातलेली आहे हे खरं, पण तुमच्या बोटाने दट्ट्या ढकलल्याशिवाय ती येत नाही. आता एवढंच बघायचं, की टिक आणि अक्षर एकाच वेळी येतात का. आली तर तो आवाज भरवशाचा. टिक आली आणि अक्षर आलं नाही, तर तो खोटारडा! माझं हे उत्तर त्याला पूर्ण पटलं असं वाटलं नाही. चांगली गोष्ट आहे.

मतदानाचा निकाल घेऊन मी घरी आलो. अण्णांनी पाटी मांडीवर घेतली आणि १७ मतांचा निळा स्विच दाबला. पुन्हा दाबला. "दाबल्याचं कळतंय," ते म्हणाले, "पण वाजतंय का?"

मला तर ती टिक खणखणीत ऐकू येत होती. आईलाही येत होती. अण्णांना मात्र पुसट. रस्त्यावरून चाकणकडे कंटेनर जात होते, डोक्यावर पंखा होता, त्यात ती विरून गेली. पांढऱ्याचंही तेच. डीटीपीच्या दुकानात त्यांनी निळ्याच जातीचा आवाज ऐकला होता, पण तिथं तो कीबोर्ड लाकडी टेबलावर होता आणि मुलगा बटणं आपटत होता. ऐकू आली ती टिक कमी आणि टेबल जास्त.

याचं कारण आपल्या कानात आहे. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात हजारो सूक्ष्म केसांच्या पेशी. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच, बारीक आवाज टिपतात. आतल्या टोकाकडच्या पेशी खर्जातले जाड आवाज. वय वाढतं तशा तोंडाजवळच्या पेशी आधी थकतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आजोबांना दारावरची थाप ऐकू येते, पण मनगटी घड्याळाचा बारीक गजर येत नाही. तुमचे कान दहा वर्षांचे. तुम्हाला जो आवाज सगळ्यात गोड वाटला, नेमका तोच सत्तरीच्या कानापर्यंत पोचत नव्हता. एरवी मतदानाबद्दल मला फार आदर आहे, पण कीबोर्ड ज्याने वापरायचा, त्याच्या एका मताचं वजन इथं १७ पेक्षा जास्त धरणं भाग होतं.

अण्णांनी एकेक करत जेड दाबला. "हां!" एवढंच म्हणाले. मग तोंडाने 'टक' असा आवाज काढून पुन्हा दाबला. दोन्ही आवाज जुळतात का, ते बघत होते.

पण लगेच होकार देतील तर ते अण्णा कसले! त्यांनी एक खोट काढलीच. जेड खाली जाताना वाजतो आणि वर येतानाही वाजतो. "दोनदा वाजलं. मग दोन अक्षरं पडली का?" झालं! दोन दिवस जेड बाद. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते आपण होऊनच म्हणाले, "आपल्या मशिनची दांडी पण परत पडताना वाजायची की. टक आणि खट. तसंच हे." आणि जेड पुन्हा शर्यतीत आला. त्याच्या वर नेव्ही नावाचा आणखी जाड आवाजाचा एक स्विच होता, पण त्याची स्प्रिंग जड. दोन ओळी नुसत्या कल्पनेने टाइप करून अण्णांनी करंगळी चोळली. करंगळी बिचारी सगळ्यात दुबळी, तिच्या बेताने स्विच निवडावा लागतो.

आता राहिली भरवशाची परीक्षा. मी कीबोर्ड मागवला आणि दहा जेड, दहा निळे असे स्विच आकड्यांच्या ओळीत आलटून पालटून बसवले. अण्णा डोळे मिटून बसायचे, मी गट नंबर सांगायचा, त्यांनी मारायचा आणि पडद्यावर काय पडलं ते आईने वाचायचं. अण्णा मुद्दाम अगदी सावकाश बटण दाबायचे, अक्षर आणि टिक यांत फट सापडते का, हे बघायला. शंभरेक आकडे तरी झाले असतील. निळ्यावर ते दरवेळी थबकून विचारायचे, "आला का?" जेडवर विचारेनासे झाले. आईने मध्येच एक आकडा मुद्दाम चुकीचा वाचून बघितला. अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "खोटं वाचू नको. लागलाय."

ठरलं! ८७ बटणांचा कीबोर्ड, ८७ जेड. एका रविवारी माझ्या वर्गातली चार मुलं ओट्यावर बसून स्विच बसवायला आली. प्रत्येक स्विचला खाली दोन नाजूक पाय असतात. सरळ धरून दाबला नाही, तर पाय वाकतो आणि बटण मुकं राहतं. तीन पाय वाकले, ते आईच्या भुवया उपटायच्या चिमट्याने सरळ केले. वर बसवायच्या टोप्या जाड प्लास्टिकच्या घेतल्या, कारण पातळ टोपीने आवाज पुन्हा किरकिरा होतो. टोप्यांवर मराठी अक्षरं नव्हतीच. मुलांना वाटलं आजोबा आता अडणार. अण्णांनी दोन तर्जन्या टेकवल्या. ('एफ' आणि 'जे' या बटणांवर बारीकशी रेघ असते, ती न बघता चाचपता यावी म्हणूनच असते. आज घरी गेल्यावर बघा.) संगणकावर जुनी रेमिंग्टनची अक्षररचना ठेवता येते. वेलांटी आधी आणि 'ण'ला दोन टक, सगळं जसंच्या तसं! मी स्वतः इन्स्क्रिप्टवर लिहितो. ही रचना १९९१ सालच्या भारतीय मानकात आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि आधी क, मग वेलांटी. मुलांना तीच शिकवतो. ती लवकर येते. पण अण्णांना ती शिका म्हणायचं धाडस मी केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत खटकत होती. लाकडी टेबलावर कीबोर्ड ठेवला, की टेबल ढोलकीसारखं घुमायचं. त्या घुमण्यात टिक बुजायची आणि पलीकडच्या घरापर्यंत धडधड जायची. बाजारात यासाठी जाड चटया मिळतात. आईने जुनी गोधडी चौपदरी करून खाली घातली. धडधड गेली आणि अडकित्ता तेवढा उरला. आता तुम्ही म्हणाल, आईला या आवाजाचा त्रास होत नाही का? मीही विचारलं. ती म्हणाली, "रात्री नऊनंतर नको. बाकी मला सवय आहे. दोन महिने घर गप्प होतं, तेच बरं वाटत नव्हतं."

पहिला अर्ज टाइप झाला तो शेजारच्या काकूंचाच. मूळ अर्ज तोवर हाताने लिहून मार्गी लागला होता. हा दुसरा होता, विहिरीच्या हिश्श्याबद्दलचा. काकू समोर बसून सांगत होत्या, अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि बोटं आपली चालली होती. गट नंबर आला तेव्हा बोटं थोडी हळू झाली. टक. टक. टक. तीन आकडे, तीन आवाज. कागद प्रिंटरमधून निघाल्यावर अण्णांनी तो आधी स्वतः वाचला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे दिला आणि म्हणाले, "आकडे मोठ्याने वाच."

उरलेल्या निळ्या स्विचचं काय केलं, हे मुलांनी मला चार वेळा विचारलं. त्यांची मतं होती ना त्यावर! ते दहाही स्विच एका लाकडी पट्टीला भोकं पाडून ओळीने बसवले आणि पहिलीच्या बाईंना दिले. आता पहिलीची मुलं बेरीज करताना मणी सरकवण्याऐवजी टिका मोजतात. तीन टिक, मग चार टिक, सगळ्या मिळून किती? त्यांचे कान सहा वर्षांचे. त्यांना निळी टिक शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते. बाईंची तक्रार एवढीच आहे, की बेरीज संपली तरी टिका संपत नाहीत.